कामाकुरा-एनोशिमाची अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर: आई-बाबांना घेऊन गेले होते, सगळं सविस्तर लिहितेय

आधी मार्क सांगून टाकते. गाइडला पाचपैकी पाच, टूर कंपनीला तीन. दोघांचे मार्क वेगळे का, ते पुढे कळेलच, कारण ठाण्याहून आई-वडिलांना घेऊन जपानला जायचा विचार करणाऱ्या तीन-चार जणींनी मला गेल्या महिन्याभरात हेच विचारलंय की ही टूर घ्यावी का, की आपलं आपण ट्रेनने जाऊन यावं.

आम्ही तिघंच गेलो होतो. मी, आई (वय ६८, आयुष्यभर शाळेत शिकवलं) आणि बाबा (वय ७२, वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, ३४ वर्षं). नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, मंगळवार. टोकियोत उतरलो होतो आणि दिवसभराची बस टूर मला मुद्दामच नको होती, कारण बाबांचे गुडघे चार तासांनंतर बोलायला लागतात आणि बसवाल्यांचं सगळं घड्याळावर असतं. ही टूर पाच तासांची होती, पावणेबाराला कामाकुरा स्टेशनवर भेटायचं आणि पावणेपाचला एनोशिमाजवळ सुटायचं, मधे समुद्राकाठची छोटी ट्रेन, दोन देवळं आणि एक बेट. माणशी ८,५०० येन, त्यात ट्रेनचं तिकीट आणि देवळांची एन्ट्री धरलेली नाही. ग्रुप सहा जणांचा, आम्ही तिघं, एक ऑस्ट्रेलियन जोडपं आणि सिंगापूरची एक मुलगी.

कंपनीवर माझा राग बुकिंगपासूनच आहे. ठाण्यातून मेल केला होता की पायऱ्या किती आहेत, वडिलांच्या गुडघ्यांचा प्रॉब्लेम आहे. तर दोन ओळींचं उत्तर आलं, 'मॉडरेट वॉकिंग'. अहो मॉडरेट म्हणजे काय? तलावपाळीला दोन फेऱ्या म्हणजे मॉडरेट की येऊरचा चढ म्हणजे मॉडरेट? परत विचारलं तर तेच वाक्य परत पाठवलं. वय झालेली माणसं घेऊन परदेशात जाणाऱ्याला या एका उत्तरावर हो-नाही ठरवायचं असतं, आणि ते उत्तर द्यायला कुणाचे पैसे पडत नाहीत.

टोकियोहून कामाकुरा तासाभरावर, योकोसुका लाइन थेट जाते. स्टेशनच्या पश्चिमेला जुना क्लॉक टॉवर आहे, तिथे गाइड उभ्या होत्या, पन्नाशीच्या बाई, हातात छोटा झेंडा, पाठीला सॅक. नमस्कार वगैरे झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं तर बाबांच्या बुटांकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, कोणता गुडघा? मी मेलमधलं सांगितलं. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. त्या तिथेच दोन मिनिटं थांबल्या, नकाशा काढला, पेन्सिलीने दोन ठिकाणं खोडली आणि म्हणाल्या, आता बरोबर आहे. गाइडला पाच मार्क मी खरं तर तिथेच दिले होते.

स्टेशनवरून एनोडेन पकडली. ही ट्रेन म्हणजे १० किलोमीटरची लाइन, १५ स्टेशनं, पहिला टप्पा १९०२ सालचा. एकच रूळ आहे त्यामुळे ठरावीक स्टेशनांवर समोरच्या गाडीसाठी थांबते, आणि घरांच्या इतक्या जवळून जाते की लोकांची वाळत घातलेली दुपटी दिसतात. हासे स्टेशन तिसरंच, तिथे उतरलो. रस्त्यावर खांबांना पाट्या होत्या, ही जागा समुद्रसपाटीपासून इतक्या मीटरवर आहे म्हणून. गाइडनी थांबून त्या दाखवल्या, १९२३ च्या भूकंपात इथे त्सुनामी आली होती हे सांगितलं, आणि सायरन झाला तर कुठल्या टेकडीकडे चालायला लागायचं तेही सांगितलं, अगदी शांतपणे, आपण पाहुण्यांना बाथरूम कुठे आहे ते सांगतो तसं. आई मला म्हणाली, ही बाई जबाबदारीची आहे.

मग मोठा बुद्ध. दाइबुत्सु म्हणतात, कोतोकु-इन नावाच्या देवळाच्या आवारात उघड्यावर बसलेला. पूर्वी त्याच्याभोवती लाकडी मंदिर होतं, ते वादळ-लाटांनी गेलं आणि गेली पाचशेहून जास्त वर्षं तो उन्हापावसात आहे. हा अमिदा, म्हणजे आपला अमिताभ बुद्ध. ओतायला १२५२ साली सुरुवात झाली, मूर्तीची उंची ११.३ मीटर, वजन १२१ टनांच्या आसपास. आम्ही गेलो तेव्हा तिकीट ३०० येन आणि मूर्तीच्या पोटात जायचं असेल तर आणखी ५० येन. मूर्ती पोकळ आहे, आत जाता येतं, आणि हे मला आधी माहीतच नव्हतं.

मी बाहेर फोटो काढत होते, बाबा आत गेले आणि पंधरा मिनिटं बाहेरच येईनात. म्हणून मी गेले तर ते एका हाताने कठडा धरून वर बघत उभे होते. आत अंधार असतो, पाठीला दोन छोट्या खिडक्या आहेत तेवढाच उजेड, आणि भिंतीवर चौकोन-चौकोन, आडव्या-उभ्या रेघा दिसतात. बाबा म्हणाले, हे एका फटक्यात ओतलेलं नाही बघ, खालून थर चढवत नेलेत, प्रत्येक थराला पुढचा थर अडकवलाय, बाहेरून मातीचा ढीग वाढवत नेला असणार आणि त्या ढिगावर उभं राहून वरचं ओतलं असणार. मी गाइडना इंग्लिशमधून सांगितलं तर त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, बरोबर, असंच केलं होतं, तुमचे वडील काय करतात? मग मी सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं त्या दोघांची. त्यांना इंग्लिश, बाबांना मराठी आणि कामाचे इंग्लिश शब्द, कोअर, मोल्ड, शेल, स्क्रॅप, तेवढ्यावर भागलं, मी मधे अर्धंच बोलले असेन. बाबांनी विचारलं धातू कुठला, तर त्या म्हणाल्या ब्राँझ, पण शिसं बरंच जास्त आहे, आणि चीनमधून आलेली नाणी वितळवून केलं असावं असं मानतात. बाबा म्हणाले, म्हणजे भंगारच घेतलं होतं, चांगलं केलं, आम्हीही तेच करायचो. मग त्यांनी मानेकडे बोट दाखवून विचारलं हे नंतरचं ना? तर हो, १९६०-६१ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा मान आतून प्लास्टिकच्या पक्क्या मटेरियलने मजबूत केली आणि भूकंपात मूर्तीला धक्का कमी बसावा अशी बैठकीत सोय केली. बाहेर आल्यावर उजव्या गालावर सोन्याच्या वर्खाचा उरलेला अंश कुठे दिसतो तेही दाखवलं. एकेकाळी आख्खी मूर्ती सोन्याने मढवलेली होती.

बाबा रिटायर होऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या कामाबद्दल कुणी त्यांना इतक्या उत्सुकतेने काही विचारल्याचं मला आठवत नाही, मीसुद्धा विचारलं नव्हतं. टूरचे पैसे तिथे वसूल झाले असं मी म्हणेन.

त्याच आवारात एक शिलालेख आहे, तो बहुतेक जण न बघता पुढे जातात, आम्हीही गेलो असतो. श्रीलंकेच्या जयवर्धने यांचं स्मारक. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या शांतता परिषदेत ते तेव्हाच्या सिलोनचे अर्थमंत्री म्हणून गेले होते आणि जपानकडून आम्हाला नुकसानभरपाई नको असं सांगताना त्यांनी धम्मपदातलं वचन म्हटलं होतं, वैराने वैर शमत नाही, अवैराने शमतं. आईला ते पालीत पाठ आहे, शाळेत तिच्या शेजारच्या वर्गाच्या बाईंनी तिला शिकवलं होतं, 'न हि वेरेन वेरानि', तिने म्हणून दाखवलं. गाइडनी मोबाइलवर रेकॉर्ड करू का विचारलं, आधी परवानगी मागून.

पुढे हासेदेरा, चालत दहा मिनिटं, तिकीट ४०० येन. इथे पायऱ्या आहेत पण थांबत थांबत जमतात. वरच्या मंदिरात कान्नोनची लाकडी मूर्ती, ९.१८ मीटर, अकरा मुखं. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. फोटोला बंदी आहे आणि मला ते आवडलं, सगळे नुसते बघत उभे असतात. गोष्ट अशी सांगतात की एकाच झाडाच्या खोडातून दोन मूर्ती कोरल्या, एक नारा शहराजवळच्या दुसऱ्या हासेला ठेवली, दुसरी समुद्रात सोडली की जिथे गरज असेल तिथे जाऊ दे, आणि ती काही वर्षांनी या किनाऱ्याला लागली. कोकणात कितीतरी गावांत समुद्रातून आलेल्या देवाची गोष्ट आहे, त्यामुळे आईला यात काहीच नवल वाटलं नाही, तिने हात जोडले आणि प्रदक्षिणेला जागा कुठे आहे ते शोधायला लागली.

उतरताना जिझोच्या छोट्या छोट्या दगडी मूर्ती आहेत, ओळींनी, शेकड्यांनी. जिझो म्हणजे क्षितिगर्भ, हाही बोधिसत्त्वच. जी मुलं जन्माला येण्याआधी किंवा आल्याआल्या गेली त्यांच्यासाठी आई-बाप इथे येतात. गाइडनी हे एका वाक्यात सांगितलं आणि त्या मागे सरकल्या, पुढे काही बोलल्या नाहीत. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, तो चार दिवसांचा होऊन गेला. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. आई तिथे उभी राहिली, बराच वेळ, बाबा तिच्या बाजूला. मी घड्याळ बघितलं कारण पुढची ट्रेन ठरलेली होती, तर गाइडनी मान हलवली, नको म्हणून, आणि बाकीच्या तिघांना खालच्या गुहेकडे स्वतःहून जायला सांगून त्या लांब उभ्या राहिल्या. आम्ही ती ट्रेन सोडली. गुहा आमच्याकडून राहिली, त्यात बेंझाइतेन नावाची देवी आहे म्हणे, पण ती पुढे भेटणारच होती.

आता खाण्याचं. ही कंपनीची दुसरी चूक. पावणेबारा ते पावणेपाच म्हणजे आख्खी जेवणाची वेळ टूरमध्ये जाते आणि वेबसाइटवर लिहिलंय 'लंच नॉट इन्क्लुडेड', बस. जेवायला वेळ मिळेल की नाही, कुठे मिळेल, काही नाही. आई शाकाहारी आहे आणि जपानमध्ये शाकाहारी माणसाला सगळ्यात मोठी अडचण मासे-मटणाची नसून रस्स्याची आहे, नूडल्सचं पाणी असो की मिसो सूप, बहुतेक ठिकाणी दाशी असतं आणि ते सुकवलेल्या माशाचं. मेनूत भाजीचं चित्र बघून घेऊ नका. आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी बरोबर नेली होती म्हणून निभावलं. ती खायलाही गाइडनीच जागा शोधली, कारण या किनाऱ्यावर घारी हातातलं खाणं उचलतात, पाट्याच लावल्यात तशा. पाठीमागून येतात म्हणून भिंतीला टेकून बसायला सांगितलं, आणि स्वतः छत्री उघडून आईच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. आईने त्यांना अर्धी दशमी दिली, त्यांनी चटणीसकट खाल्ली आणि पाणी न मागता दुसरी अर्धी घेतली. नंतर जांभळ्या रताळ्याचं आइस्क्रीम, ते इथलं प्रसिद्ध, आईला फार आवडलं, म्हणाली रताळंच आहे, उपासाला चालेल.

बाबांना शिरासु खायचे होते. आम्ही चरईतले सीकेपी, मासा दिसला की बाबांना थांबवणं कठीण. सागामी उपसागरातले हे बारीक पांढरे मासे, बोटाच्या पेराएवढेही नसतात, भातावर पसरून देतात. कच्चे मिळतात ते त्याच दिवशी पकडलेले असले तरच, आणि १ जानेवारी ते १० मार्च मासेमारीच बंद असते, तेव्हा तारखा बघून जा. आम्ही गेलो त्याआधी दोन दिवस समुद्र खवळलेला होता म्हणून उकडलेलेच होते. बाबा दिसायला जवळा म्हणाले आणि चवीला मांदेलीचं पिल्लू, वाटी चाटून पुसून खाल्ली.

मग परत एनोडेन, हासे ते एनोशिमा, आणि हा प्रवासाचा सगळ्यात सुंदर भाग. इनामुरागासाकी गेलं की डाव्या हाताला एकदम समुद्र उघडतो, मधे फक्त रस्ता, त्यामुळे डावीकडे उभं राहा. कामाकुराकोकोमाए स्टेशनच्या फाटकावर एका बास्केटबॉलच्या कार्टूनमुळे फोटो काढणाऱ्यांची तोबा गर्दी असते. आम्ही तिथे उतरलो नाही. सिंगापूरच्या मुलीला उतरायचं होतं, तर गाइड म्हणाल्या तुम्ही टूरनंतर जरूर या, मी ग्रुप घेऊन उतरत नाही, तिथे लोकांची घरं आहेत आणि त्यांना रस्ता ओलांडता येत नाही. मला पटलं. कोशिगोएनंतर तर ट्रेन चक्क रस्त्यावरून जाते, मोटारी बाजूला थांबतात.

एनोशिमा बेटावर जायला ३८९ मीटरचा पूल आहे, चालायचा. बेटावर तीन देवळं आणि चढ. इथे वरती जायला एस्कार म्हणून एस्कलेटर आहे, १९५९ चा, वेगळं तिकीट. तर लक्षात ठेवा, ते फक्त वर जातं. उतरायला पायऱ्याच. गुडघेवाल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं, आणि हे वेबसाइटवर कुठेही नाही. गाइडनी सकाळी पेन्सिलीने खोडलेलं हेच होतं, वरचा टॉवर आणि समुद्राकडच्या गुहा. आम्ही एस्कारचा पहिलाच टप्पा घेतला, पहिल्या देवळापर्यंत, आणि बाकीच्या तिघांना त्यांनी वर पाठवून खाली भेटायची वेळ दिली.

त्या पहिल्या देवळाच्या बाजूला एक अष्टकोनी छोटी वास्तू आहे, तिच्यात बेंझाइतेन. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला गेली, वीणेच्या जागी बिवा नावाचं वाद्य आलं, आणि मूळची नदीची देवी असल्यामुळे तिची ठाणी बहुतेक पाण्याजवळ. जपानमधल्या तिच्या तीन मोठ्या स्थानांत एनोशिमा धरतात. इथे दोन मूर्ती आहेत, एक आठ हातांची, एक बिवा वाजवणारी. गाइडनी पाच डोक्यांच्या ड्रॅगनची गोष्ट सांगितली, मुलं खायचा, देवीच्या प्रेमात पडून सुधारला.

आईने गोष्ट नीट ऐकली आणि मग पिशवीतून पेन काढून गाइडना म्हणाली, वही द्या. आणि त्यांच्या वहीवर तिने आपली पाटीवरची सरस्वती काढली, दसऱ्याला काढतो ती, सगळी १ च्या आकड्यांची. तीस-पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेली, हात जराही थांबला नाही. गाइडना आधी कळेना, मग आईने मराठीतच सांगितलं, हा एक, हा एक, हा एक, बोट ठेवून. मी फक्त एवढं सांगितलं की आमच्याकडे मूल अक्षर-आकडा शिकतं त्याच आकड्याने तिचं चित्र काढतो, आणि पाटीची पूजा करतो. त्यांनी आकडे मोजले. मग स्वतः खाली काढून बघितली, एक चुकीच्या बाजूला वळला, आईने मास्तरणीसारखं खोडून परत काढायला लावलं.

उतरायच्या पायऱ्या थोड्याच होत्या पण बाबांना दुखल्या, तेवढं खरं. पुलावर आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. नोव्हेंबरच्या शेवटी साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि परतताना डाव्या हाताला पश्चिम येते. फुजी दुपारभर नव्हताच, ढगात होता, कंपनीच्या प्रत्येक फोटोत मात्र आहे, तो दिसेलच असं धरून जाऊ नका. आम्हाला शेवटच्या दहा मिनिटांत दिसला, नुसती काळी बाह्यरेषा, मागे केशरी. वर टॉवरला गेलेले तिघं तेव्हा लिफ्टच्या रांगेत होते असं नंतर म्हणाले, मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

टिप द्यायचा प्रश्नच नाही, तिथे घेत नाहीत. टूर तिथे संपते, परत टोकियोला कसं जायचं हे तुमचं तुम्ही बघायचं, हेही बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात आहे. गाइडनी आम्हाला एनोडेनच्या गर्दीत न ढकलता शोनान मोनोरेलच्या स्टेशनवर नेलं, वेळ संपून गेली होती तरी. ही रुळाखाली लटकणारी मोनोरेल, एनोशिमा ते ओफुना ६.६ किलोमीटर, १४ मिनिटं, आणि ओफुनाहून टोकियोला थेट गाडी. बाबांना पहिल्या डब्यात पुढच्या काचेजवळ बसवून त्या खाली उतरल्या.

तर घ्यायची का? वय झालेली माणसं बरोबर असतील तर घ्या, पण बुक करताना गुडघे, जेवण, परतीचा रस्ता हे तिन्ही स्वतः लिहून द्या आणि भेटल्यावर गाइडला तोंडाने परत सांगा, मेलवर विसंबू नका. सकाळची बॅच घेतलीत तर जेवण सुटतं पण सूर्यास्त जातो, आम्ही परत गेलो तर परत दुपारचीच घेऊ आणि दशम्या जास्त नेऊ. तिशीतले दोघं असाल आणि वाचून जाणारे असाल तर गाइडशिवायही सगळं होतं, ट्रेन सोपी आहे, पाट्या इंग्लिशमध्ये आहेत. बुद्धाच्या पोटात मात्र जा, ५० येन आहेत, आणि आत गेल्यावर खिडक्यांच्या खालच्या बाजूला जोडाच्या रेघा बघा, बाबांनी मला सांगायला सांगितलंय की डावीकडच्या जास्त स्पष्ट आहेत.